इंडेक्स नव्याने बांधताना: जुन्याच्याच जागी, की वेगळ्या डेटासेटवर? (आयएमएसवाल्यांनो, मदत हवी)

रातराणी
नमस्कार मंडळी. मी जुळे सोलापुरात राहते, घरूनच मेनफ्रेम सपोर्टचं काम करते, कायमची रात्रपाळी. गेल्या शनिवारी जे झालं ते डोक्यातून जात नाही म्हणून धागा काढतेय. इथे सोलापूरचे मेनफ्रेमवाले बरेच आहेत. कुणी पुण्यात, कुणी मुंबईत, कुणी निवृत्त होऊन गावी परतलेले.

आयएमएस म्हणजे आयबीएमच्या मोठ्या संगणकांवरची (मेनफ्रेम) डेटाबेस प्रणाली. तिच्यातला हायडॅम प्रकारचा आमचा एक डेटाबेस आहे, त्यावर तीन सेकंडरी इंडेक्स, म्हणजे मुख्य की सोडून दुसऱ्या फील्डवरून शोधायच्या सूच्या. दर शनिवारी रात्री दोनला हे तिन्ही नव्याने बांधायचा जॉब लागतो. जॉब मी लिहिलेला नाही, मला तो तसाच मिळाला. पहिल्या स्टेपमध्ये आयडीकॅम्स (फाइली बनवणारी-पुसणारी युटिलिटी) जुने क्लस्टर, म्हणजे इंडेक्सच्या फाइली (आम्ही डेटासेट म्हणतो), डिलीट करतो आणि त्याच नावाने परत डिफाइन करतो. दुसऱ्या स्टेपमध्ये इंडेक्स बिल्डर मुख्य डेटाबेस वाचतो, की सॉर्ट करतो आणि रिकाम्या क्लस्टरमध्ये भरतो.

शनिवारी दोन इंडेक्स भरले. तिसरा, सगळ्यांत मोठा, भरता भरता व्हॉल्यूमवरची जागा संपली. व्हीसॅमने (या फाइली सांभाळणारी प्रणाली) जागा नसल्याचा २८ हा कोड दिला आणि जॉब पडला. जुना तर पहिल्याच स्टेपला गेलेला. हातात अर्धवट नवा, आणि मागे फिरायला काही नाही. स्टोरेजवाल्यांना उठवा, जागा मिळवा, परत पहिल्यापासून बांधा, यात पहाटेचे पावणेसहा झाले. तोवर त्या इंडेक्सवरून शोधणारं प्रत्येक ट्रान्झॅक्शन बंद.

नवा इंडेक्स वेगळ्याच डेटासेटमध्ये बांधून, तो ठीक आहे हे बघून, मगच नाव बदलून जागेवर आणायचा, असं तुमच्यापैकी कुणी करतं का? करत असाल तर अडचणी काय येतात? टीममधले म्हणतात, इतकी वर्षं असंच चाललंय, हात लावू नकोस. मला हात लावायचाय.

कडक_भाकरी
लाव हात. नव्या माठातून पाणी झिरपतं का हे बघितल्याशिवाय जुना कुणी फोडत नाही.

हुतात्मा_एक्सप्रेस
+१. पावणेसहा वाजेपर्यंत जागलीस ना, तेवढं कारण बॉसला पुरलं पाहिजे.

रेल्वेलाइन्सचे_काका
पोरी, मी १९८६ ते २००९ मुंबईत मेनफ्रेमवर होतो, आधी ऑपरेशन्समध्ये, मग डेटाबेसमध्ये. आता इथे रेल्वे लाइन्समध्ये घरी असतो. आमच्याकडे चालू इंडेक्सवर कधीच बांधत नव्हतो. नियम असा होता: एका इंडेक्सची तीन नावं. चालू, नवा, जुना. जुना आठवडाभर ठेवायचो.

जॉब असा चालायचा. आधी डीबीडंप कमांड देऊन मुख्य डेटाबेस आणि त्याचे इंडेक्स यांवरचे अपडेट थांबवायचे. अपडेट थांबतात, नुसतं वाचणारे प्रोग्रॅम चालू राहतात. मग ‘नवा’ डिफाइन करायचा आणि बिल्डरचं आउटपुट त्याच्याकडे वळवायचं. बिल्डर तासभर चालो नाही तर दोन तास, वाचणारे लोक चालू इंडेक्सवरून वाचत असतात, त्यांना पत्ताही लागत नाही. नवा भरला, तपासला, की मग डीबी रिकव्हरी कमांड देऊन डेटाबेस पूर्ण सोडवून घ्यायचा, चालूला जुना म्हणायचं, नव्याला चालू म्हणायचं, आणि स्टार्ट. पूर्ण बंद असा वेळ काय तो नाव बदलण्यापुरता.

तुझ्या शनिवारी हीच पद्धत असती तर कोड २८ आला असता, जॉब पडला असता, आणि तू ‘नवा’ डिलीट करून अपडेट परत सुरू करून दिले असतेस. रविवारी निवांत जागा मागितली असतीस. इंडेक्स आठवडाभर जुनाच राहिला असता, काही बिघडलं नसतं.

बिल्डरला दुसरीकडे वळवायचं कसं, हे तुमच्याकडे कोणतं टूल आहे त्यावर आहे. काहींत कंट्रोल कार्डातच सोय असते. नसेल तर जेसीएलमध्ये (जॉब कसा चालवायचा ते सांगणाऱ्या ओळी) इंडेक्सच्या डीडी नावावर (प्रोग्रॅमला डेटासेट जोडून देणारी ओळ) नवा डेटासेट लिहायचा. बॅचमध्ये डीडी दिसला की डायनॅमिक अलोकेशनचा मेंबर (डीडी नसताना डेटासेट आपोआप जोडून देणारी नोंद) बघितला जात नाही. पण म्हणूनच सांगतो, तो डीडी लिहायला विसरलीस किंवा आठ अक्षरांच्या नावात एक अक्षर चुकलं, तर डायनॅमिक अलोकेशन मुकाट्याने चालूच इंडेक्स उघडून देईल. पहिल्यांदा टेस्ट सिस्टीमवर चालव आणि जॉब लॉगमध्ये कोणत्या डीडीला कोणता डेटासेट मिळाला ती ओळ बोट ठेवून वाच.

रातराणी
काका, खूप आभार. डीडी विसरल्यावर काय होतं हा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता.

हिशेबनीस
मी उलट बाजू मांडतो. मी स्टोरेज बघतो (आमच्याकडचं, तुमच्याकडचं नाही). प्रत्येक टीम येऊन म्हणते आम्हाला दुप्पट जागा द्या, फक्त शनिवारी दोन तास लागेल. वीस टीम म्हणतात. ती जागा मग बाकीचे सहा दिवस रिकामी पडून राहते. तुझं खरं दुखणं जागेचा अंदाज चुकला हे आहे. प्रायमरी-सेकंडरी (सुरुवातीची आणि नंतर वाढवून मिळणारी जागा) नीट मोजून दिली असती तर त्याच जागी बांधूनही काही झालं नसतं. दुप्पट जागा हा मोजमाप न करण्यावरचा उपाय नव्हे.

फणी_धोटा
@हिशेबनीस, मोजू की मग. ३३९० डिस्कच्या एका सिलिंडरमध्ये १५ ट्रॅक, कच्ची जागा ८,४९,९६० बाइट. ४ केचा कंट्रोल इंटरव्हल (व्हीसॅम एका वेळी वाचतो-लिहितो तो गठ्ठा) धरला तर ट्रॅकवर १२ बसतात, म्हणजे सिलिंडरला १८०, म्हणजे ७,३७,२८० बाइट. रातराणी, तुझे तिन्ही इंडेक्स मिळून किती सिलिंडर?

रातराणी
मोठा १,१००, बाकीचे दोन मिळून ८००.

फणी_धोटा
१,९०० सिलिंडर. सगळं भरलं तरी १.४ जीबीच्या आसपास. मॉडेल ३ चा जुना व्हॉल्यूमसुद्धा ३,३३९ सिलिंडरचा असतो, त्यातही मावून उरेल. एवढ्यासाठी तीन-चार तास धंदा बंद ठेवायचा?

हिशेबनीस
आकडा बघितल्यावर या एका प्रकरणात मान्य. पण मोजमापाचा मुद्दा सोडत नाही. दर आठवड्याला लिस्टकॅट (कॅटलॉगची यादी) काढून हाय यूझ्ड आणि हाय अलोकेटेड आरबीएमधलं, म्हणजे वापरलेल्या आणि मिळालेल्या जागेतलं, अंतर टिपून ठेवलं असतं तर महिनाभर आधी दिसलं असतं.

रातराणी
ते या आठवड्यापासून सुरू केलंय. एक्सटेंट (जागेचे तुकडे) किती झाले तेही टिपतेय.

डीबीटू_वाला
आमच्या डीबीटूत (आयबीएमचाच दुसरा डेटाबेस) हे बसल्या जागी मिळतं. रीऑर्ग इंडेक्स (इंडेक्सची फेरमांडणी) ऑनलाइन चालवला की तो स्वतः सावली डेटासेटवर बांधतो आणि शेवटी पालटतो. नावात आय०००१ च्या जागी जे०००१ होतं, पुढच्या वेळी परत आय. तुम्ही आयएमएसवाले हाताने करताय ते डीबीटू आपलं आपण करतो.

पॉइंटर_तपासनीस
@डीबीटू_वाला, रीऑर्ग इंडेक्सचं बरोबर आहे, पण रिबिल्ड इंडेक्सचं तसं नाही. रिबिल्ड सावलीवर बांधत नाही, मूळ इंडेक्सवरच बांधतो, आणि तोवर इंडेक्स रिबिल्ड पेंडिंगमध्ये, म्हणजे वापराला बंद, असतो. तिथे जुना हातात ठेवायचा असेल तर वेगळ्या नावाचा इंडेक्स डिफर यस देऊन (लगेच न भरता) तयार करायचा, तो रिबिल्ड करायचा, आणि मग जुना ड्रॉप करायचा. ड्रॉप केलं की त्याच्यावर अवलंबून असलेली पॅकेजेस (प्रोग्रॅमने डेटा कसा शोधायचा ते आधीच ठरवून ठेवलेलं) इनव्हॅलिड होतात, म्हणजे परत बाइंड आलंच. आणि डेटासेट स्वतः सांभाळत असाल, स्टोरेज ग्रुपवर नसतील, तर रीऑर्गच्या सावल्याही आपल्यालाच आधी डिफाइन करून द्याव्या लागतात.

रातराणी, तुझ्या प्रश्नावर सविस्तर लिहायचंय, रात्री लिहिते. एक सांगून ठेव: दर शनिवारी इंडेक्स बांधता ते नेमकं कशासाठी? मुख्य डेटाबेसचं रीऑर्ग होतं म्हणून, की नुसतं स्प्लिट (भरलेला गठ्ठा दुभंगणं) वाढतात म्हणून?

हिप्परगा_तलाव
मी शेवटच्या वर्षाला आहे, कॉम्प्युटर. कॅम्पसला एक कंपनी मेनफ्रेमसाठी मुलं घेते आहे. आमच्याकडे सगळे म्हणतात जाऊ नको, ते संपलंय. इथे वाचून तर वाटतंय की जिवंत आहे. खरं काय?

मागावरचा
का बे, संपलं असतं तर पहाटे पावणेसहाला रातराणीची झोप कशाला गेली असती?

मेनफ्रेमची नाळ आपल्या गावाशी आहे, हे तुला कुणी सांगितलं नसेल. माझे वडील भद्रावती पेठेत जॅकार्डवर चादरी विणायचे. जॅकार्ड म्हणजे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या कार्डांची माळ: भोक असेल तिथे सुई आत जाते, तो दोरा उचलला जातो, नसेल तिथे नाही. जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये हे बसवलं. त्याच कल्पनेवर हॉलरिथने १८९० च्या अमेरिकन जनगणनेसाठी भोकांची कार्डं मोजणारी यंत्रं केली, त्याच्या कंपनीतून पुढे आयबीएम झाली, आणि १९२८ मध्ये आयबीएमचं ८० रकान्यांचं कार्ड आलं. आज रातराणी जे जेसीएल लिहिते त्याची ओळ ८० रकान्यांचीच आहे, आणि आम्ही अजूनही ‘डीडी कार्ड’ म्हणतो. पडद्यावर कार्ड नाही, शब्द राहिलाय.

आणि मूळ प्रश्नावरही सांगतो. नवं डिझाईन आलं की वडील नव्या कार्डांची माळ वेगळी ओवून घ्यायचे. जुनी माळ मागावरून उतरवली की दोऱ्याने बांधून भिंतीच्या खिळ्याला टांगायची. नव्या माळेवर वीतभर कापड विणून, उलट-सुलट करून, उजेडात धरून बघायचे. फुलाच्या पाकळीत एक जरी दोरा उलटा आला तर कुठल्या कार्डाचं भोक चुकलंय ते मोजत बसायचे. ते वीतभर मनासारखं उतरेपर्यंत खिळ्यावरच्या माळेला हात लावायची आम्हा पोरांना सक्त मनाई. लहानपणी मला त्या मनाईचा राग यायचा. नोकरीत पहिल्यांदा प्रॉडक्शनचा डेटासेट डिलीट होताना बघितला तेव्हा तो खिळा डोळ्यांसमोर आला.

हिप्परगा_तलाव
बाप रे. हे कॉलेजात कुणी सांगितलं नाही. मुलाखतीला जातोय मग.

रेल्वेलाइन्सचे_काका
जा रे. आणि विचारलं तर सांग, आयएमएस अपोलो मोहिमेच्या सामानाची यादी सांभाळायला तयार झालं. कॅलिफोर्नियातल्या डाउनी इथे १४ ऑगस्ट १९६८ ला त्याचा ‘रेडी’ हा संदेश पहिल्यांदा उमटला. तिथपासून आजपर्यंत ते कुठे ना कुठे चालूच आहे.

शेंगाचटणी
गड्ड्याच्या यात्रेला कोण कोण येतंय? नंदीध्वजाच्या मिरवणुकीच्या दिवशी पार्क चौकात भेटू. कोड २८ वर बोलायची परवानगी आहे.

हुतात्मा_एक्सप्रेस
मी येतोय. हुरड्याचं पण बघा कुणीतरी. आमच्या पुण्यातल्या हुरड्याला चव नाही, आणि शेंगाचटणीही लोक गोड करून विकतात.

शेंगाचटणी
गोड?? लसूण-मिरची उखळात कुटून, तेल सुटेपर्यंत. बाकी सगळं कूट.

रातराणी
@पॉइंटर_तपासनीस ताई, विचारून घेतलं. महिन्याच्या पहिल्या शनिवारी मुख्य डेटाबेसचं रीऑर्ग होतं, मग इंडेक्स. बाकीच्या शनिवारी फक्त इंडेक्स, स्प्लिट वाढतात म्हणून.

पॉइंटर_तपासनीस
मग तुझ्याकडे दोन वेगळे शनिवार आहेत, आणि त्यांना एकच जॉब लावणं धोक्याचं आहे. जरा सविस्तर लिहिते.

सेकंडरी इंडेक्सच्या प्रत्येक नोंदीत की असते आणि मुख्य डेटाबेसमधल्या सेगमेंटचा (तिथल्या माहितीच्या तुकड्याचा) पत्ता असतो. साध्या हायडॅममध्ये, सिम्बॉलिक पॉइंटर (जागेऐवजी की-ने दाखवणारा) वापरला नसेल तर, तो पत्ता म्हणजे चार बाइटचा आरबीए, डेटासेटमधली नेमकी जागा. रीऑर्ग केलं की सगळे सेगमेंट नव्या जागी जाऊन बसतात. म्हणजे जुन्या इंडेक्समधला प्रत्येक पत्ता खोटा ठरतो. अशा शनिवारी ‘जुना’ जपून ठेवलास आणि काही बिघडल्यावर घाईत तो परत लावलास, तर तो उघडेल, चालेल, आणि भलत्याच सेगमेंटकडे बोट दाखवेल. इंडेक्स नसणं परवडलं, कारण निदान एरर तरी येते.

म्हणून रीऑर्गच्या शनिवारी जुना इंडेक्स आणि जुना मुख्य डेटाबेस ही जोडी आहे. ठेवायचे तर दोन्ही ठेवा, परत लावायचे तर दोन्ही लावा. फक्त इंडेक्स ठेवायचा असेल तर त्यापेक्षा पुसून टाका.

दुसरा मुद्दा, आणि इथे काकांशी माझा मतभेद आहे. साध्या शनिवारीसुद्धा जुना इंडेक्स परत लावायची मुदत डेटाबेस अपडेटसाठी पुन्हा सुरू होईपर्यंतच आहे. पहिला नवा ग्राहक टाकला गेला की त्याची नोंद नव्या इंडेक्समध्ये गेली, जुन्यात नाही. सोमवारी जुना लावलास तर शनिवारनंतरचं सगळं इंडेक्सवरून दिसेनासं होईल. तेव्हा वेगळ्या डेटासेटवर बांधण्याचा फायदा बांधकाम चालू असताना आहे, नंतर नाही. नवा सिद्ध होईपर्यंत चालूला कुणी शिवत नाही, एवढंच आणि एवढंच. त्यासाठी नक्की कर, मी स्वतः करते. पण आठवडाभर ‘जुना’ सांभाळणं ही खोटी सुरक्षितता आहे.

तिसरं. स्प्लिटसाठी मुख्य डेटाबेस पूर्ण वाचून इंडेक्स बांधायची गरजच काय? हिसॅम अनलोड-रिलोड युटिलिटीने नुसता इंडेक्स उतरवून परत चढवता येतो. तीन इंडेक्सपैकी दोन तरी तसे कर.

रातराणी
ताई, दुसऱ्या परिच्छेदावर मी थिजलेच. आमच्या रनबुकात (कामाच्या सूचनांच्या वहीत) लिहिलंय ‘इंडेक्स बिघडल्यास मागील आठवड्याच्या कॉपीवरून लावणे’. कोणता शनिवार याचा उल्लेख नाही. आजच खोडून घेते.

कडक_भाकरी
आत्ताच्या आत्ता खोड. बाकी धागा नंतर वाच.

हिप्परगा_तलाव
म्हणजे प्रत्येक रीऑर्गनंतर सगळे इंडेक्स बांधायचेच? याला काही उपाय नाही निघाला?

पॉइंटर_तपासनीस
निघाला. एचएएलडीबी, आयएमएसचाच नंतरचा, भागांत वाटलेला प्रकार. त्यात इंडिरेक्ट लिस्ट डेटासेट असतो. रीऑर्गनंतर सेगमेंट कुठे गेला ते त्यात कळतं, आणि इंडेक्समधला पत्ता वापरताना आपोआप दुरुस्त होतो. म्हणून तिथे रीऑर्गनंतर सेकंडरी इंडेक्स बांधावे लागत नाहीत. ऑनलाइन रीऑर्गला डेटासेटची दुसरी जोडी असते, ए ते जे एका बाजूला, एम ते व्ही दुसऱ्या बाजूला, प्रायमरी इंडेक्सला एक्स आणि वाय. पण सगळ्यांचे डेटाबेस अजून तिकडे गेलेले नाहीत, रातराणीचा त्यातलाच.

अक्कलकोट_रोड
नाव बदलण्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. मी यात पोळलोय.

व्हीसॅमच्या केएसडीएसला (की-ने शोधायचा डेटासेट) कॅटलॉगमध्ये तीन नोंदी असतात: क्लस्टर, डेटा, इंडेक्स. आयडीकॅम्सच्या ऑल्टर न्यूनेमने क्लस्टरचं नाव बदललं तरी आतल्या दोघांची नावं तशीच राहतात. आम्ही फक्त क्लस्टर बदलत होतो. आठवडाभर सगळं सुरळीत, कारण प्रोग्रॅम क्लस्टरच्या नावानेच उघडतात. पुढच्या शनिवारी ‘नवा’ डिफाइन करायला गेलो तर आयडीसी३०१३आय, डुप्लिकेट डेटासेट नेम. चालू क्लस्टरच्या पोटात ‘नवा’ नावाचा डेटा बसलेला! रात्री तीन वाजता कुणाचा डेटा कुणाच्या क्लस्टरचा हे लिस्टकॅटच्या कागदावर पेन्सिलीने बाण काढत शोधलं. तो कागद अजून ड्रॉवरमध्ये आहे.

तर एका इंडेक्सला सहा ऑल्टर, तिघांना अठरा. प्रत्येकानंतर लास्टसीसी (शेवटच्या कमांडचा निकाल) शून्य आहे का बघून मगच पुढचा. सगळ्यांत वाईट अवस्था म्हणजे चालूचा जुना झाला आणि नव्याचा चालू होताना अडकला. मग चालू नावाचं काहीच नाही. त्यासाठी उलटी नावं देणारी स्टेप आधीच लिहून ठेव, फक्त स्टेप आधी फसली तरच चालेल अशी. आणि इंडेक्सच्या की युनिक नसतील तर केएसडीएसच्या जोडीला डुप्लिकेटसाठीचा ईएसडीएस (आल्या क्रमाने भरणारा डेटासेट) असतो, तोही बरोबर न्यायला विसरू नकोस. दोन्ही एका जिवाचे आहेत.

रातराणी
आमच्याकडे सगळ्या इंडेक्सना सिस्टीम रिलेटेड फील्ड लावून की युनिक केल्यात. ईएसडीएस नाही. सुटले.

फलटण_गल्ली
रॅकएफ प्रोफाइल बघितलंस का? नव्या नावावर जॉबच्या आयडीला हक्क नसेल तर पहिल्याच रात्री डिफाइनला अडकशील.

रातराणी
बघितलं, तोच प्रिफिक्स आहे, चालतंय.

रेल्वेलाइन्सचे_काका
पॉइंटर_तपासनीस ताईंनी लिहिलेलं अक्षर न् अक्षर बरोबर आहे. पण आठवडाभर ‘जुना’ का ठेवायचो याचं कारण मी सांगायला हवं होतं. परत लावायला नव्हे. जागा धरून ठेवायला.

डिलीट केलं की ती जागा मोकळी होते आणि त्या व्हॉल्यूमवर डोळा ठेवून बसलेले दहाजण असतात. शनिवारी परत डिफाइन करायला गेलं की प्रायमरी मिळायची, सेकंडरी मिळायची नाही. रातराणीचा कोड २८ तोच. म्हणून आम्ही डिलीट-डिफाइन बंदच केलं. दोनच क्लस्टर, दोन्ही रीयूझ देऊन डिफाइन केलेले. जो जुना झाला तोच पुढच्या शनिवारी ‘नवा’. बिल्डर तो रिकामा करून पहिल्यापासून भरतो, व्हॉल्यूमवरची जागा आपलीच राहते. एकाच व्हॉल्यूमवर बसवायचा, म्हणजे काही सुटत नाही. ताई म्हणतात तो धोका टाळायला त्याच्या नावात ‘जुना’ नाही, ‘राखीव’ लिहायचो. ऑपरेटरला रात्री तीनला नावावरूनच कळलं पाहिजे की हा परत लावायचा नाही.

पॉइंटर_तपासनीस
काका, हे मला पटलं. ‘राखीव’ हे नाव तर मी उचलणारच. रातराणी, फक्त तुमचं टूल रीयूझ मानतं का ते टेस्टमध्ये बघ.

हिशेबनीस
माझ्या दृष्टीनेही हे बरं. कायमची धरलेली जागा मला दिसते, मोजता येते. शनिवारी दोनला अचानक येणारी मागणी मोजता येत नाही.

डीबीआरसी_भक्त
उशिरा आलो. रिकॉन (आयएमएसची डेटाबेस आणि त्यांच्या कॉपींची नोंदवही) विसरू नका. नाव पालटून चालू नावच ठेवलं तर रिकॉनमधलं नाव आणि डायनॅमिक अलोकेशनचा मेंबर दोन्ही बरोबर राहतात, ही काकांच्या पद्धतीतली मोठी सोय. कुणी नाव न बदलता नव्या डेटासेटकडेच कायमचं वळलं, तर चेंज डीबीडीएसने रिकॉनमधलं नाव बदलावं लागतं, नाहीतर जेनजेसीएलने निघालेलं रिकव्हरीचं जेसीएल जुन्याच डेटासेटवर जाईल. आणि बांधल्यावर इंडेक्सच्या आधीच्या इमेज कॉपी (बॅकअप) निरुपयोगी. नवी इमेज कॉपी घ्या, किंवा इंडेक्स नॉन-रिकव्हरेबल ठरवून ‘बिघडला तर बांधायचा’ असं स्वच्छ लिहून ठेवा.

रातराणी
तीन आठवड्यांनी परत आलेय. गड्ड्याला भेटलेल्या सगळ्यांना नमस्कार, शेंगाचटणीसाठी वेगळा.

टेस्टमध्ये दोनदा चालवून मग गेल्या दोन शनिवारी प्रॉडक्शनमध्ये चालवलं. सहा क्लस्टर, चालू आणि राखीव, सगळे रीयूझ. टूल रीयूझ मानतं. डेफिनिशनमधली की-ची लांबी आणि कंट्रोल इंटरव्हल डीबीडी (डेटाबेसची व्याख्या) जनरेशनच्या लिस्टिंगमध्ये छापून येतात तिथूनच घेतले, हाताने नाही. दोनला अपडेट थांबवले, बिल्डर तीन वाजून पाच मिनिटांनी संपला, तोवर वाचणारे चालू. पूर्ण बंद वेळ चार मिनिटं.

या दोनांतल्या पहिल्या शनिवारी तपासणीच्या स्टेपने मला घाबरवलं. सोर्स सेगमेंट ४१ लाख आणि एका इंडेक्समध्ये नोंदी २८ लाखच. तेरा लाख गेले कुठे? नावं पालटायच्या आधी जॉब थांबवला, डीबीडी उघडली, तर त्या इंडेक्सला नलव्हॅल लावलेली. ज्या ग्राहकांचं ते फील्ड कोरं आहे त्यांची नोंदच होत नाही. कोरी किती ते वेगळं मोजलं, जुळलं, मग पुढे गेले. थांबून मोजायला वेळ मिळाला कारण जुना इंडेक्स जागेवर होता आणि लोक त्यावरून वाचत होते. आधीच्या पद्धतीत मी घामाने भिजले असते.

रीऑर्गच्या शनिवारसाठी जॉब वेगळा केलाय. त्यात मुख्य डेटाबेससुद्धा वेगळ्या डेटासेटवर रिलोड होतो आणि जोडीने पालटतो. तो येत्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी पहिल्यांदा चालेल. अक्कलकोट_रोड दादा, अठरा ऑल्टरचे आता चोवीस झाले, उलट्या नावांची स्टेप लिहिलीय. एकदा नजर टाकाल का? व्यक्तिगत निरोपात पाठवते, नावं बदलून.

अक्कलकोट_रोड
पाठव. आज रात्री बघतो. रीऑर्गमध्ये प्रायमरी इंडेक्सही नवा होतो, तो धरून मोजलेस का? चोवीस कमी वाटतात. मुख्य डेटाबेस ओसॅम (आयएमएसची स्वतःची फाइल पद्धत) असेल तर एकच नाव, दोन बदल. व्हीसॅम असेल तर ईएसडीएसचे क्लस्टर आणि डेटा, दोघांचे मिळून चार. त्यात प्रायमरी इंडेक्सचे सहा.

रातराणी
व्हीसॅम आहे. अठरा, चार, सहा. अठ्ठावीस! प्रायमरी इंडेक्सचा डेटा आणि इंडेक्स भाग राहिलाय, फक्त क्लस्टरच बदलला होता. अगदी तुमचीच गोष्ट. आत्ता घालते आणि मग पाठवते.